अक्षर मिळाले, अर्थ मिळाला काय?

(घाटंजी येथे नवदीक्षित कुटुंबांच्या सभेत केलेले भाषण)



मुलांच्या शिक्षणावर मी चार शब्द बोलावेत, असे आपण मला सांगितले आहे. शिक्षणाचे महत्त्व पटवून देण्यासाठी मी येथे उभा नाही. ते तुम्हांस माझ्यापेक्षा अधिक पटलेले आहे. ज्यांनी एक वेळ उपाशी राहून पोरांस वही-पाटी घेऊन दिली, कापूस वेचणीच्या ऐन हंगामात मजुरीवर पाणी सोडून त्यांस शाळेत धाडले, त्यांना शिक्षणाचे महत्त्व सांगणे हा उपमर्द होईल. मला विचारावयाचा आहे तो प्रश्न निराळा आहे. तुमचे मूल शाळेत जाते, हे ठीक. परंतु शाळेत जे शिकविले जाते ते त्यास समजते काय?

प्रश्न विचारण्यापूर्वी मला एक कबुली दिली पाहिजे. मी आयुष्यभर शिक्षक होतो. नोकरीच्या आरंभीच्या काळात मी एका खेड्यात तिसरीच्या वर्गाला बेरीज शिकवीत होतो. फळ्यावर अडतीस अधिक सत्तावीस मांडले आणि नेहमीच्या सुरात म्हटले, "आठ नि सात पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक." मागच्या रांगेतून एका मजुराची मुलगी उठली आणि म्हणाली, "गुरुजी, हातचा म्हणजे कोणाच्या हातचा?" वर्ग खो खो हसला. मीही हसलो. "खाली बस, असेच करायचे असते," असे म्हणून मी पुढचे गणित घातले. ती मुलगी खाली बसली ती पुन्हा कधी उठली नाही. सातवीनंतर तिने शाळा सोडली.

बंधूंनो, त्या वर्गात एकच प्रश्न विचारला गेला होता आणि तो खरा होता. मी त्याचे उत्तर दिले नाही, कारण मला स्वतःलाच ते ठाऊक नव्हते. मीही लहानपणी 'हातचा एक' हे शब्द असेच पाठ केले होते. पुढे कित्येक वर्षांनी मला उमगले की, त्या उत्तराला पऱ्हाटीच्या पंधरा काड्या आणि वीतभर सुतळी पुरे होती. आठ काड्या एका बाजूला, सात दुसऱ्या बाजूला. एकत्र करा. त्यांतल्या दहा मोजून त्यांची मोळी बांधा. पाच सुट्या उरल्या, त्या एककाच्या घरात राहिल्या. बांधलेली मोळी मोळ्यांच्या घरात, म्हणजे दशकाच्या घरात गेली. अडतीसमध्ये तीन मोळ्या होत्या, सत्तावीसमध्ये दोन होत्या, ही नवी एक. सहा मोळ्या आणि पाच काड्या, म्हणून पासष्ट. हातचा कोणाच्या हातचा? ज्याने मोळी बांधली त्याच्या हातचा. त्या मुलीचे आईबाप रोज पऱ्हाटीच्या मोळ्या बांधीत होते. तिला हे एका क्षणात समजले असते.

ही गोष्ट मी माझा दोष म्हणून सांगतो. पण यात एका माणसाच्या दोषाहून मोठे असे काही आहे, आणि ते आपल्या इतिहासाशी जोडलेले आहे.

शेकडो वर्षे आपल्यास अक्षराची बंदी होती, हे आपण वारंवार बोलतो. परंतु बंदी अक्षराइतकीच अर्थावरही होती, हे आपण पुरेसे ध्यानात घेत नाही. पूर्वी गावात लग्नाचा वा श्राद्धाचा मंत्र म्हटला जाई, तेव्हा ज्यांच्यासाठी तो म्हटला जाई त्यांनाही तो समजत नसे. समजू नये, अशीच ती व्यवस्था होती. अर्थ एकाच्या हाती आणि मान डोलविणे सर्वांच्या वाट्याला. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकावयाचे होते. ते त्यांस नाकारण्यात आले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. एका मुलाला एक भाषा नाकारण्याचे कारण काय असावे? कारण हेच की, ज्याला मूळ ग्रंथाचा अर्थ कळतो तो त्या ग्रंथाला प्रश्न विचारू शकतो.

जोतीराव फुल्यांनी हे ओळखले होते. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा उघडणाऱ्या या पुरुषाने १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी त्यात आहे, ती सर्वांस ठाऊक आहे. परंतु काय शिकवावे, हेही त्यात आहे. मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे व नीतीचे धडे असावेत, असे त्यांनी सांगितले. शेतकऱ्याच्या पोराला शाळेत जे मिळेल ते त्याच्या शेतात आणि घरात उपयोगी पडले पाहिजे, हा त्यामागील विचार होता.

आता आजच्या शाळेकडे पाहा. शाळेचे दार आपल्यास उघडे आहे. पण पुष्कळ वर्गांतून काय चालते? शिक्षक प्रश्न लिहून देतो, उत्तरही लिहून देतो. मूल ते उतरवून घेते, पाठ करते आणि परीक्षेत जसेच्या तसे उतरविते. पालक बाजारातून गाईड आणून देतो, 'अपेक्षित' प्रश्नांचा संच आणून देतो. मुलास गुण मिळतात. आपण पेढे वाटतो. परंतु एकाने सांगावे आणि दुसऱ्याने अर्थ न विचारता म्हणावे, हा जुना संबंध या वर्गात बदललेला आहे काय? पोथीच्या जागी पाठ्यपुस्तक आले आणि एवढाच फरक झाला, तर तो फरक फार थोडा आहे.

हे केवळ माझे मत नाही. ग्रामीण भारतातील मुलांची दर काही वर्षांनी घरोघर जाऊन पाहणी होते. 'असर' या नावाने ती ओळखली जाते. २०२४ सालच्या पाहणीत पाचवीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीच्या पुस्तकातील मजकूर वाचू शकणारी मुले केवळ ४८.८ टक्के निघाली. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले तीन वर्षे मागे राहून पुढच्या वर्गात बसलेली आहेत. ती हजेरीत आहेत, निकालपत्रकात आहेत, पण धड्यात नाहीत.

याचे परिणाम शाळेपुरते राहत नाहीत. आपल्या घाटंजीचेच उदाहरण घ्या. हा कापसाचा मुलूख. समजा, एका बापाने तीन क्विंटल चाळीस किलो कापूस विकावयास नेला. भाव समजा सात हजार रुपये क्विंटल ठरला. घेणाऱ्याने ओलाव्याचे कारण सांगून क्विंटलमागे दोन किलो वजन कापले. सोबत सातवीतला मुलगा आहे. त्यास सतराचा पाढा तोंडपाठ आहे, दशांश अपूर्णांकांची उदाहरणे वहीत सोडविलेली आहेत, त्यांवर बरोबरची खूणही आहे. पण कापलेले वजन सहा किलो आठशे ग्रॅम होते आणि त्याचे चारशे शहात्तर रुपये होतात, हे त्या काट्याजवळ उभे राहून त्यास सांगता येत नाही. वहीतला दशांश आणि काट्यावरचा दशांश एकच आहे, हे त्यास कोणी दाखविलेच नाही. ओलावा मोजून दाखवा, असे म्हणण्याचे धैर्यही ज्यास हिशेब समजतो त्यालाच येते. चारशे शहात्तर रुपये म्हणजे मजुराची दीड-दोन दिवसांची कमाई. न समजलेल्या गणिताची किंमत अशी रोख मोजावी लागते.

उपासक-उपासिकांनो, आपण ज्या धम्माचा स्वीकार केला त्याची या बाबतीत शिकवण काय आहे? मज्झिम निकायात सापाची उपमा असलेले एक सुत्त आहे. काही लोक धम्माचे पाठ शिकतात, पण प्रज्ञेने त्यांचा अर्थ तपासून पाहत नाहीत. वादात जिंकावे, दुसऱ्यावर छाप पाडावी, एवढ्यासाठी ते शिकतात. भगवान म्हणतात, असा माणूस साप शेपटीकडून धरणाऱ्यासारखा आहे. साप उलटून त्यालाच डसतो. पऱ्हाटीत वाकून काम करणाऱ्या तुम्हां लोकांना ही उपमा समजावून सांगण्याची गरज नाही. ज्ञान कोठून धरावे हे कळले नाही, तर ज्ञानही घातक होते. केसपुत्त गावच्या कालामांनाही भगवंतांनी हेच सांगितले. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा आपला गुरू सांगतो म्हणून काही स्वीकारू नका. स्वतः पारखून घ्या. आपल्याही शब्दाला जगातील किती धर्मसंस्थापकांनी अशी परीक्षा लावू दिली?

आणखी एक कथा अट्ठकथेत आहे, ती प्रत्येक आईबापाने ऐकावी. चूळपंथक नावाचा एक भिक्खू होता. त्याच्या वडील भावाने, तोही भिक्खूच होता, त्यास चार चरणांची एक गाथा पाठ करावयास दिली. चार महिने गेले, तरी ती त्यास येईना. नवा चरण घेतला की मागचा सुटे. भाऊ चिडला आणि म्हणाला, तू या संघास योग्य नाहीस, घरी जा. चूळपंथक रडत निघाला असता भगवंतांनी त्यास पाहिले. त्यांनी त्यास एक स्वच्छ फडके दिले आणि ते हातात घेऊन चोळीत बसावयास सांगितले. चोळता चोळता फडके मळले. चूळपंथकाच्या मनात आले, हे आत्ता स्वच्छ होते, माझ्याच स्पर्शाने मळले. म्हणजे सर्व काही बदलते, आणि मळ मनालाही असाच लागतो. जे चार महिन्यांच्या पाठांतराने साधले नाही ते एका फडक्याने साधले. तो मंदबुद्धी नव्हता. त्यास शिकविण्याची रीत मंद होती.

'ढ' म्हणून ज्यांस मागच्या बाकावर बसविले आहे, असे किती चूळपंथक आपल्या शाळांतून असतील? त्यांच्या हाती फडके देणारा, काड्या देणारा कोणी भेटला असता तर?

येथे कोणी विचारील, मग पाठांतर टाकून द्यावे काय? मुळीच नाही. भगवंतांचा उपदेश लेखनिविष्ट होण्यापूर्वी कित्येक शतके भिक्खूंनी मुखोद्गत करून जपला, हे आपण विसरू नये. मुलास पाढे यावेत, शब्द यावेत. परंतु बियाणे कणगीत साठविले म्हणजे पीक आले, असे कोणी शेतकरी म्हणत नाही. पाठांतर हे साठविलेले बियाणे आहे. ते समजुतीच्या मातीत पडले तरच उगवते.

बाबासाहेबांचे गुरू कोण होते हेही येथे सांगितले पाहिजे. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे जॉन ड्यूई हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. मूल ऐकून नव्हे तर करून, अनुभवून आणि विचार करून शिकते, आणि अशा शिक्षणावाचून लोकशाही टिकत नाही, हा ड्यूईंचा सिद्धान्त. १९१६ साली त्यांचा लोकशाही व शिक्षण या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. जातिसंस्थेच्या निर्मूलनावरील आपल्या १९३६ सालच्या प्रबंधात बाबासाहेबांनी ड्यूईंचा उल्लेख आपले गुरू म्हणून केला आणि त्यांचे ऋण मान्य केले. तेव्हा 'शिका' हा जो आदेश बाबासाहेबांनी दिला, त्याचा अर्थ केवळ 'पाठ करा' असा होऊच शकत नाही.

आता कायद्याकडे वळू. २००२ साली राज्यघटनेत ८६ वी दुरुस्ती झाली आणि सहा ते चौदा वयाच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. त्याचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. या कायद्याने फी माफ होते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याचे २९ वे कलम तुमच्यापैकी किती जणांनी ऐकले आहे? त्यात लिहिले आहे की, मुलांना कृती, शोध आणि निरीक्षण यांच्या द्वारा शिकता आले पाहिजे. शक्य तेथवर शिक्षण मातृभाषेतून असावे. मूल भयापासून मुक्त असावे आणि त्यास आपले मत मोकळेपणी मांडता यावे. आणि शेवटी असे की, मुलाला ज्ञान समजले काय व ते वापरता येते काय, याचे मूल्यमापन सतत झाले पाहिजे. म्हणजे बंधूंनो, समजणे हा आपल्या मुलांचा कायदेशीर हक्क आहे. तो मागणे ही याचना नव्हे.

तो मागावयाचा कोठे? त्याच कायद्याच्या २१ व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समिती निर्माण केली आहे. सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत या समितीचे तीन-चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत, निम्म्या सभासद स्त्रिया असल्या पाहिजेत, आणि दुर्बल व वंचित समाजघटकांतील पालकांना प्रमाणात प्रतिनिधित्व असले पाहिजे. पण पुष्कळ ठिकाणी काय होते? नाव समितीत असते, सही वहीत असते, आणि सभेत बोलतो दुसराच कोणी. सभेत खिडक्या-दारांचा, रंगरंगोटीचा विषय निघतो. मुलांना वाचता येते काय, हा विषय निघत नाही. तो तुम्ही काढावयाचा आहे.

हे सर्व पुस्तकी आहे, आपल्याकडे होणे नाही, असे कोणास वाटेल. ज्या सातारा शहरातील शाळेत १९०० साली बालक भीमराव दाखल झाले, त्याच सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांत शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तेथील शिक्षक यांनी हे करून दाखविले. मुलांच्या हाती खडे, काड्या, चित्रे आणि शब्दपट्ट्या आल्या. फरशीवरच तक्ते आखले गेले. मुले गटागटाने बसून स्वतः शोधू लागली. राज्यभरातून शिक्षक ते पाहावयास गेले. २०१५ साली राज्य सरकारने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम काढला, त्यातही याच रीतीचा पुरस्कार होता. त्या शाळा श्रीमंतांच्या नव्हत्या. तुमच्या आमच्याच शाळांसारख्या होत्या.

एक गोष्ट भाषेविषयी. आपल्या तालुक्यात कोलाम, गोंड आणि बंजारा बांधवांची मुलेही शाळेत येतात. घरी कोलामी, गोंडी किंवा गोरमाटी बोलणारे मूल पहिल्या दिवशी पुस्तकी मराठी ऐकते तेव्हा ते मुके होते, आणि आपण त्यास मठ्ठ म्हणतो. आपलीही मुले वऱ्हाडी बोलली तर हशा होतो. विनयपिटकात प्रसंग आहे. बुद्धवचन छंदोबद्ध भाषेत घालावे, अशी विनंती काही भिक्खूंनी केली. भगवंतांनी ती नाकारली आणि ज्याने त्याने आपल्या भाषेत शिकावे, अशी अनुज्ञा दिली. अडीच हजार वर्षांपूर्वी जो न्याय दिला गेला तो कोलामाच्या लेकराला आज मिळावा, यासाठी आपण बोलले पाहिजे. आपल्यावर जे हसणे झाले ते आपण दुसऱ्यावर होऊ देता कामा नये.

आता शेवटी घराकडे येतो. शाळेला दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. सायंकाळी आपल्या घरी त्रिशरण-पंचशील म्हटले जाते, हे उत्तम आहे. पण मुलास अर्थ ठाऊक असतो काय? मोठ्यांना तरी असतो काय? जुना मंत्र न समजता म्हणत होतो, तो टाकला, आणि पाली गाथा न समजताच म्हणू लागलो, तर दीक्षा ओठांपुरती राहील. आज रात्री दुसऱ्या शीलापाशी थांबा. न दिलेले घेऊ नये, हा त्याचा आशय. मग मुलास विचारा, काट्यावर कोणी वजन मारले तर ते शील मोडले की नाही? आपण दुसऱ्याच्या रांगेतला कापूस आपल्या ओट्यात टाकला तर? मूल विचार करील, वाद घालील. घालू द्या. शील तेथे रुजते.

आई म्हणेल, मी तर निरक्षर, मी मुलास काय शिकविणार? मायबाई, तुला शिकवावयाचे नाहीच, विचारावयाचे आहे. मूल शाळेतून आले की त्यास तीन गोष्टी विचार. आज काय शिकलास ते मला माझ्या भाषेत सांग. ते तसेच का आहे? आणि आपल्या घरात, शेतात ते कोठे दिसते? हे तीन प्रश्न विचारण्यास एकही अक्षर यावे लागत नाही. ज्यास आईला समजावून सांगता येते त्यास ते समजलेले असते. आणि मुलाला उत्तर आले नाही तर रागावू नकोस. दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचार, एवढेच सांग. गुरुजी रागावले तर तू स्वतः शाळेत जा. पालकांना भेटणे आणि मुलाची प्रगती सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य त्याच कायद्यात लिहिलेले आहे.

माझ्या शिक्षकबंधूंपैकी कोणी येथे बसले असतील तर त्यांस माझे एवढेच सांगणे. तुमच्या माथ्यावर कागदांचे आणि कामांचे ओझे आहे, हे मी जाणतो. तरीही वर्गात मागच्या रांगेतून कोणी उठले, तर हसू नका. उत्तर ठाऊक नसेल तर तसे म्हणा आणि त्या मुलासह शोधा. मी तसे म्हटले नाही, आणि एका मुलीची शाळा सुटली.

ती आता कोठे असेल, मला ठाऊक नाही. तिची मुले, कदाचित नातवंडेही, कोठल्यातरी शाळेत बसली असतील. त्यांच्यापैकी एखादे उद्या उठून विचारील, "गुरुजी, हातचा म्हणजे कोणाच्या हातचा?" त्या दिवशी वर्गात काड्या असाव्यात, सुतळी असावी, आणि त्या प्रश्नाचा मान राखणारा कोणी असावा. ते घडवून आणणे तुमच्या हातचे आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!